मुखवट्याखाली नाव का नसतं?

शेवंती
मंडळी, मे महिन्यात आम्ही पॅरिसला जाऊन आलो. प्रवासवर्णन लिहिणार नाहीये, घाबरू नका. एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय.

एके दिवशी सकाळी पिकासो म्युझियम केलं आणि दुपारी क्वे ब्रानली. (माहीत नसेल त्यांच्यासाठी: आयफेल टॉवरच्या जवळच आहे, २००६ साली उघडलं, आफ्रिका, ओशनिया, अमेरिका, आशिया इथल्या वस्तू तिथे आहेत, आत इतका अंधार की नवरा दोनदा काचेवर आपटला.) सकाळी बघितलं तर पिकासोनं कागदाच्या कपट्यावर रेघ मारली असेल तरी तिच्यावर तारीख आणि सही. आणि दुपारी ते आफ्रिकेतले मुखवटे. मला कलेतलं फार कळत नाही, पण एका लांबुळक्या, पांढरा रंग फासलेल्या चेहऱ्यापुढे मी चांगली पंधरा मिनिटं उभी होते. भलंमोठं कपाळ, डोळे म्हणजे नुसत्या चिरा, नाक सरळ खाली ओढलेलं. आणि पाटीवर काय? जमातीचं नाव, देशाचं नाव, शतक. बास. हो, आणि तो म्युझियमला कोणी दिला त्याचं नाव! म्हणजे देणाऱ्याचं नाव आहे, घडवणाऱ्याचं नाही.

तर प्रश्न असा, की हे बघून पिकासो आणि मंडळींनी मॉडर्न आर्ट उभं केलं असं सगळीकडे वाचायला मिळतं, मग ज्यांचं बघून केलं त्यांची नावं कुठे गेली? नव्हतीच का? का कुणी विचारलीच नाहीत?

तिरकस
सही केली नसेल म्हणून नाव नाही, सोप्पंय. वेरूळच्या कैलासावर कोणाची सही आहे? धागा समाप्त.

शेवंती
कैलास बाराशे वर्षांपूर्वीचा आहे हो. हे मुखवटे आपल्या पणजोबांच्या काळातले आहेत. पणजोबांचं नाव तुम्हाला माहीत असेलच ना?

तिरकस
नाही माहीत. :)

भुईमूग
शेंगा भाजून आणल्यात. चालू द्या.

कुंचला
शेवंतीताई, तुम्ही ज्याच्यापुढे उभ्या होतात तो बहुतेक गॅबॉनमधल्या फांग लोकांचा मुखवटा असावा, वर्णन तसंच आहे. आणि गंमत म्हणजे या सगळ्या प्रकरणाची सुरुवात फांग मुखवट्यानेच झाली असं म्हटलं तरी चालेल. व्लामिंक नावाचा चित्रकार होता, त्याच्याकडे असला एक होता, तो त्याच्या मित्राने, म्हणजे देरँने, विकत घेतला. तो आता पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटर या म्युझियमकडे आहे. त्याच सुमाराला, १९०६ मध्ये, मातीस या चित्रकाराने पॅरिसच्या र्‍यू द रेनवरच्या एका दुकानातून काँगोतल्या विली लोकांची एक छोटी बसलेली आकृती घेतली, आणि गर्ट्रूड स्टाइन या लेखिकेच्या घरी पिकासोला दाखवली. पिकासो म्हणे ती हातातून खाली ठेवेना.

मग १९०७. पॅरिसमधलं ट्रोकादेरोचं जुनं एथ्नोग्राफी म्युझियम, धूळ, कुबट वास, कोणी फिरकत नसे. पिकासो पंचविशीतला पोरगा. तिथे एकटाच फिरला आणि बाहेर पडला तो हादरूनच. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने आंद्रे मालरो या लेखकाला हे सांगितलं. ते मुखवटे म्हणजे इतर शिल्पांसारखी शिल्पं नव्हेत, ती माणसं आणि अज्ञात शक्ती यांच्या मधे उभी राहणारी हत्यारं आहेत, असा काहीसा त्याचा सूर होता, आणि 'आव्हिन्योंच्या तरुणी' हे आपलं भूत उतरवायचं पहिलं चित्र, असंही म्हणाला. त्या चित्रातल्या उजवीकडच्या दोघींचे चेहरे बघा, बाकीच्या तिघींशी जुळतच नाहीत. ते त्याने मागाहून परत रंगवले. आठ फूट उंच चित्र, मित्रांना दाखवलं तर सगळ्यांचे चेहरे पडले. १९१६ पर्यंत ते जाहीर प्रदर्शनात लागलंच नाही.

पण चेहरा उचलला आणि चिकटवला एवढंच असतं तर ते चार दिवसांत विसरलं गेलं असतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते १९१२ चं. मार्सेयला गेला असताना पिकासोने ग्रेबो मुखवटा घेतला, लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या बाजूचा. त्यात डोळे कसे, तर लाकडाच्या सपाट फळीतून बाहेर आलेल्या दोन नळकांड्या. आता खरा डोळा खोबणीत आत असतो, आणि इथे बाहेर! तरी बघणाऱ्याला डोळाच दिसतो. मग त्याच वर्षी त्याने पुठ्ठ्याची गिटार केली, तिच्या मधलं भोक काय केलं, तर बाहेर आलेली नळकांडी. त्याचा आर्ट डीलर कानवायलर, त्यानेच हे नातं लिहून ठेवलंय. वस्तू जशी दिसते तशी करायची गरज नाही, ओळखीची खूण दिली की डोळा बाकीचं भरून घेतो, हा धडा आहे तो. जेजेत पाच वर्षं मॉडेल बसवून छाया-प्रकाश घोटल्यावर हे वाचलं तेव्हा मला फी परत मागावीशी वाटली होती.

खवचट_खानदेशी
दंडवत घ्या कुंचलाभाऊ. वाचनखूण साठवली.

हेमंत_उवाच
कुंचला, छान लिहिलंय पण एका बाजूचं लिहिलंय. पिकासो स्वतः कित्येक वर्षं सांगत होता की ते चित्र केलं तेव्हा मी आफ्रिकन शिल्पं पाहिलीच नव्हती. १९२० मध्ये एका मासिकाने विचारलं तर "निग्रो कला? माहीत नाही बुवा" म्हणून मोकळा झाला. त्याच्या मते त्याच्यावर प्रभाव होता तो स्पेनमधल्या जुन्या इबेरियन शिल्पांचा. शिवाय सेझान, एल ग्रेको हे त्याच्या आधीचे चित्रकार आहेत. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मोमाने (आधुनिक कलेचं म्युझियम) या विषयावर मोठं प्रदर्शन केलं होतं, त्याचे क्युरेटर विल्यम रुबिन. पुस्तकांत 'तरुणी'च्या शेजारी जे मुखवटे छापतात त्यातले बरेचसे १९०७ साली पॅरिसमध्ये कोणाला बघायला मिळणंच शक्य नव्हतं, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे शेजारी शेजारी दोन फोटो लावून 'बघा बघा कॉपी' म्हणणं हे व्हॉट्सॅप फॉरवर्डच्या लायकीचं आहे.

कुंचला
हेमंतराव, अमुक एक मुखवटा बघितला नसेल, मान्य. पण ट्रोकादेरोला गेला होता हे तोच सांगतोय. आणि हो, ती इबेरियन शिल्पं त्याच्याकडे कशी आली ते सांगा की आता सगळ्यांना. ;)

हेमंत_उवाच
सांगतो. लूव्र म्युझियममधून चोरून. म्हणजे त्याने नाही चोरली. आपोलिनेर नावाचा कवी, पिकासोचा दोस्त, त्याच्याकडे पिएरे नावाचा एक उपद्व्यापी माणूस सेक्रेटरी म्हणून होता. त्याने १९०७ मध्ये लूव्रमधून दोन इबेरियन डोकी उचलली आणि पिकासोला विकली. पुढे १९११ च्या ऑगस्टमध्ये मोनालिसा चोरीला गेली, पेपरात बोंबाबोंब, आणि या दोघांची तंतरली की आता पोलीस आपल्याच दारात. डोकी सुटकेसमध्ये भरली, रात्री सेन नदीत टाकायला निघाले, धीर झाला नाही, परत आले. शेवटी एका वर्तमानपत्रामार्फत परत दिली. आपोलिनेर आठवडाभर तुरुंगात जाऊन आला, पिकासोला कोर्टात उभं केलं तर म्हणे रडला.

भुईमूग
म्हणजे "मी आफ्रिकेचं नाही घेतलं हो, मी तर चोरीच्या मालावरून घेतलं" असा बचाव आहे हा? शेंगा संपल्या, अजून आणतो.

तिरकस
हसून झालं असेल तर माझा मुद्दा. व्हॅन गॉगने जपानी प्रिंट्स समोर ठेवून चक्क कॉपी केल्या. त्याला कोणी चोर म्हणत नाही. कलाकार बघतो, घेतो, पुढे जातो. इथे आफ्रिकेचं नाव आलं की लगेच गळे का काढायचे? त्या मुखवट्यांकडे जग बघायला लागलं तेच मुळी पिकासोमुळे. नाहीतर त्या धुळीतच राहिले असते.

शेवंती
अहो मी चोर म्हटलंच नाहीये. नाव विचारलंय. व्हॅन गॉगने ज्याची कॉपी केली त्या हिरोशिगेचं नाव आपल्याला माहीत आहे, आत्ता तुम्ही ते लिहिलं नाहीत तरी.

खवचट_खानदेशी
ताईंनी सिक्सर मारली ना भो.

लागोसकर_लेले
बरेच दिवसांनी लिहितोय. इथे नायजेरियात अकरा वर्षं झाली (नोकरी प्लास्टिकच्या कारखान्यात, कलेशी संबंध शून्य), पण तिरकसरावांचं "धुळीतच राहिले असते" वाचून राहवलं नाही. धुळीत गेले कसे ते तरी बघा.

बेनिन सिटी. (बेनिन हा देश वेगळा, हे शहर नायजेरियात आहे, गोंधळ करू नका, मीपण केला होता.) इथे मोठं राज्य होतं, राजाला ओबा म्हणतात, त्याच्या वाड्याच्या खांबांवर पितळेचे शेकडो नक्षीदार पत्रे बसवलेले होते, सोळाव्या सतराव्या शतकातले. १८९७ मध्ये इंग्रजांनी फौज आणून शहर लुटलं, वाडा जळाला, ओबा ओवोनराम्वेनला कालाबारला पाठवला, तो तिथेच मेला. हजारो वस्तू बोटीने लंडनला. मोहिमेचा खर्च भागवायला काही विकून टाकल्या, म्हणून आज त्या जर्मनी, अमेरिका, सगळीकडे दिसतात. एकट्या ब्रिटिश म्युझियमकडे नऊशेच्या वर आहेत. तर धूळ कोणाची?

आता नावाचं. मी दोन वर्षांपूर्वी बेनिन सिटीत इगुन स्ट्रीटला गेलो होतो. पितळ ओतणाऱ्यांची गल्ली आहे, पिढ्यान्‌पिढ्या ओबाचं काम करणारी घराणी, अजूनही तिथेच राहतात, तेच करतात. दुकानांच्या पुढे डोकी, बिबटे, कोंबडे मांडलेले, मागे भट्टी. एका म्हाताऱ्याकडून छोटा बिबट्या घेतला, घासाघीस करकरून. मग त्याने व्हिजिटिंग कार्ड दिलं. त्यावर त्याचं नाव, व्हॉट्सॅप नंबर, आणि वर तोंडी आजोबांचं, पणजोबांचं नाव सांगितलं, कोणी कुठल्या ओबाचं काम केलं तेही. मी लिहून घेतलं नाही. आत्ता हा धागा वाचताना वाटलं, अरे, आपणही नाहीच घेतलं की लिहून.

ओतारी
लेलेकाका, मनातलं बोललात. अवांतर वाटेल पण माझा प्रांत आलाय म्हणून लिहितो. 'बेनिन ब्राँझ' म्हणतात पण बहुतेक काम पितळेचंच आहे. आमच्या आजोबांकडे घंटा आणि समया ओतायचं काम होतं, पद्धत तीच: मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाचा थर देऊन त्यात सगळी नक्षी काढायची, वरून बारीक मातीचे लेप, वाळवायचं, भाजायचं, मेण वितळून भोकातून निघून जातं, त्या पोकळीत रस ओतायचा, गार झालं की माती फोडायची. साचा एकदाच. चुकलं की परत पहिल्यापासून. बेनिनच्या पत्र्यांचे क्लोजअप बघा, सैनिकाच्या गळ्यातल्या माळेचा मणी न्‌ मणी सुटा आहे आणि पत्रा इतका पातळ. हे एका झटक्यात ओतायचं म्हणजे रस किती तापवायचा, कुठून सोडायचा, हवा कुठून काढायची याचं गणित हातात पाहिजे. 'आदिम' वगैरे शब्द ज्याने वापरला त्याला भट्टीपुढे एक दिवस बसवायला पाहिजे.

आणि ते पितळ आलं कुठून? पोर्तुगीज लोक मनिला नावाची पितळेची कडी आणायचे, त्यांच्या बदल्यात मिरी, हस्तिदंत आणि माणसंसुद्धा घ्यायचे. २०२३ मध्ये जर्मन संशोधकांनी धातू तपासला तर तो जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडमधल्या खाणींशी जुळला. धातू जर्मनीचा, हात बेनिनचा, आणि फिरून जर्मनीच्या म्युझियमात!

लागोसकर_लेले
@ओतारी, आणि तिथून परत बेनिनला. २०२२ मध्ये जर्मनीने हजारावर वस्तूंची मालकी नायजेरियाच्या नावावर केली आणि डिसेंबरमध्ये पहिल्या वीस घेऊन त्यांची परराष्ट्रमंत्रीच इथे आली. मग इथे वेगळाच तमाशा. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की परत आलेल्या वस्तूंचा मालक ओबा. झालं, युरोपातले लोक म्हणायला लागले की आम्ही देशाला दिल्या, राजाला नाही. इथले म्हणतात, नेल्या होत्या कोणाच्या घरातून? हापिसात यावर दोन तास भांडण झालं, चहा गार झाला. जाता जाता, तो बिबट्या आता फ्रिजवर आहे.

जव्हारची_पोर
सगळे लाकूड आणि पितळावर बोलताय, मला त्या काचेच्या पेटीचंच पटत नाही. आमच्याकडे बोहाडा असतो, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, रात्रभर एकेक देवाचं सोंग निघतं, मोठाले मुखवटे, टेंभे, वाजंत्री. माझा काका सोंग घ्यायचा. तो मुखवटा दिवसा घरी टांगलेला असायचा तेव्हा आम्हाला काही वाटायचं नाही, आणि रात्री तोच चढवून काका यायचा तेव्हा मी आईच्या मागे लपायचे, काका आहे हे माहीत असून. आता तो मुखवटा काढून पॅरिसला काचेत ठेवला आणि खाली लिहिलं 'कोकणा, भारत', तर लोक म्हणतील वा काय फॉर्म आहे. फॉर्म गेला चुलीत, काका कुठेय?

कुंचला
जव्हारची_पोर, हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात भारी. आणि त्यात अजून एक भर. पॅरिसच्या चित्रकारांनी जे बघितलं ते अर्धवटच होतं. मुखवट्याला गवताची झालर, कापड, पिसं असतात, नाचणाऱ्याचं अख्खं अंग झाकलेलं असतं. विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी ते सगळं अडगळ म्हणून काढून टाकलं आणि नुसतं लाकूड ठेवलं. फांग लोकांची ती गुळगुळीत डोकी, ती पूर्वजांच्या अस्थी ठेवलेल्या सालीच्या डब्यावर बसवलेली असायची, राखणदार म्हणून. कोटा लोकांच्या तांब्या-पितळेचे पत्रे मढवलेल्या आकृत्याही तशाच, अस्थींच्या टोपलीत खोचलेल्या. डबा गेला, अस्थी गेल्या, उरलं डोकं, ते स्टँडवर ठेवलं. मग मोदिल्यानी, ब्रांकूशी हे पॅरिसमधले कलाकार म्हणाले काय साधा, शुद्ध आकार आहे! तो शुद्धपणा निम्मा डीलरच्या झाडूने आलेला आहे.

तिरकस
पण त्यातूनच मोदिल्यानीचे ते लांब चेहरे आले ना? गैरसमजातूनही मोठं काम होतं. तक्रार काय आहे?

कुंचला
तक्रार नाही. काम मोठंच आहे. पण गैरसमजाला गैरसमज म्हणूया की.

नवीन_सभासद_७७
क्वे ब्रानलीत खिळे ठोकलेल्या बाहुल्या असतात ना? काळी जादू? आमच्या सोसायटीत एकाने असली बाहुली शोकेसमध्ये ठेवलीये, बायको म्हणते त्यांच्याकडे जेवायला जायचं नाही.

जव्हारची_पोर
वहिनींना सांगा बिनधास्त जा. काँगोकडच्या न्किसी आहेत त्या. दोन माणसांत करार झाला, भांडण मिटलं, शपथ घेतली की तिथला जाणता माणूस आकृतीत एक खिळा किंवा पातं ठोकतो. शब्द मोडलास तर ही शक्ती तुझ्या मागे लागेल. पोटात औषधी द्रव्यं भरलेली असतात, बरेचदा वरून आरसा. म्हणजे अंगावरचा प्रत्येक खिळा हा कोणाचा तरी करार आहे. स्टँप पेपर समजा.

भुईमूग
सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या बिल्डरसाठी एक मागवा रे कोणीतरी.

हेमंत_उवाच
अजून एक गोष्ट जी कोणी काढली नाही. पिकासो मुखवटे बघून भारावत होता त्याच वर्षांत लागोसला आयना ओनाबोलू नावाचा माणूस काय करत होता? तर पाश्चात्य पद्धतीची, हुबेहूब माणसासारखी दिसणारी पोर्ट्रेट्स! मासिकांतली चित्रं बघून स्वतः शिकला, १९२० मध्ये लंडनला जाऊन रीतसर शिकून आला आणि शाळांतून चित्रकला शिकवली पाहिजे म्हणून सरकारच्या मागे लागला. कारण आफ्रिकन माणसाला असलं काम जमणारच नाही हे गोऱ्यांचं मत त्याला खोडून काढायचं होतं. म्हणजे बघा, पॅरिसवाल्याला हुबेहूबपणातून सुटायचंय, आणि लागोसवाल्याला हुबेहूब काढून दाखवायचंय. दोघेही आपापल्या जागी बंडखोर.

पुढची पिढी दोन्हीकडचं घेणारी. १९५८ मध्ये झारियाच्या कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांनी गट काढला, उचे ओकेके, डेमास न्वोको, ब्रूस ओनोब्राक्पेया वगैरे. आपलं जुनं आणि बाहेरचं नवं यातलं जे कामाचं ते घ्यायचं, याला त्यांनी 'नॅचरल सिंथेसिस' नाव दिलं. त्यांना मुखवटा हा 'प्रभाव' नव्हता, घरचाच होता. पण मॉडर्न आर्टच्या इतिहासात आफ्रिका पहिल्या प्रकरणात येते आणि तिथेच संपते. १९१४ मध्ये न्यूयॉर्कला स्टीग्लिट्झ या फोटोग्राफरने आफ्रिकन शिल्पांचं प्रदर्शन केलं, त्याचं नाव काय? 'आफ्रिकेतल्या रानटी लोकांची लाकडी शिल्पं: आधुनिक कलेचं मूळ'. मूळ पण तेच आणि रानटी पण तेच.

खवचट_खानदेशी
हेमंतभाऊ तुम्ही नक्की कोणत्या पार्टीत आहात? पहिले पिकासोकडून बोलत होते.

हेमंत_उवाच
मी फॅक्टच्या पार्टीत. हलके घ्या.

डहाणू_लोकल
वारलीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. १९८९ मध्ये पॅरिसला पॉम्पिदू सेंटर आणि ला व्हिलेतला मिळून एक मोठं प्रदर्शन झालं होतं, 'पृथ्वीचे जादूगार' अशा अर्थाचं नाव. मोमाच्या १९८४ च्या प्रदर्शनावर टीका झाली होती की पाश्चात्यांची नावं आणि बाकीचे निनावी, त्यानंतरचं हे. इथे सगळे जिवंत कलाकार आणि सगळ्यांची नावं. त्यात काँगोचा शेरी सांबा होता, आयव्हरी कोस्टचा ब्रुली बुआब्रे होता, दक्षिण आफ्रिकेच्या एस्थर माहलांगू होत्या, आणि आपले जिव्या सोमा मशे होते. डहाणू तालुक्यातले. पुढे पद्मश्री वगैरे मिळालं, २०१८ मध्ये गेले.

त्याआधी वारली म्हणजे काय, तर लग्नाच्या चौकाच्या भिंतीवर बायका काढायच्या, नाव कोणाचंच नाही. मशेंनी कागदावर आणलं, नाव आलं. आणि आता? उशीचे अभ्रे, मग, रिक्षा, मेट्रो स्टेशन, बँकेची भिंत. परत नाव गायब.

शेवंती
बापरे. मी पॅरिसला गेले तेव्हा अंगात वारली प्रिंटचाच कुर्ता होता.

भुईमूग
:D :D पुरावा जोडा.

धूळपाटी
दोन दिवस वाचतोय, मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी नीट दिलं नाही. तिरकस म्हणतात सही नव्हती म्हणून नाव नाही. सही नव्हती हे खरं, पण नाव होतं.

शेवंतीताई, तुम्ही त्याच ट्रिपमध्ये लूव्रला गेला असाल तर तिथे युद्धदेव गू याचा माणसाएवढा लोखंडी पुतळा आहे, दाहोमेचा (आजच्या बेनिन देशातलं जुनं राज्य), युरोपातून आलेल्या भंगार लोखंडातून केलेला. पिकासोच्या काळात हा ट्रोकादेरोलाच होता. त्याच्या कारागिराचं नाव माहीत आहे, आकाती एक्प्लेकेंदो. त्याच राज्याचा राजा बेहान्झिन, त्याचा अर्धा माणूस अर्धा शार्क असा पुतळा सोसा देदे या कारागिराचा मानतात. तो २०२१ मध्ये फ्रान्सने परत केलेल्या २६ वस्तूंत होता, म्हणून तुम्हाला क्वे ब्रानलीत दिसला नसेल.

आणि ओलोवे. नायजेरियातल्या इसे गावचा, योरुबा लोकांतला सुतार, १९३८ ला वारला. म्हणजे पिकासोच्या बरोबरीचाच. इकेरेच्या राजवाड्याला त्याने कोरलेलं दार होतं, त्यावर इंग्रज साहेब डोलीत बसून राजाला भेटायला आलाय असा देखावा. १९२४ च्या वेम्बलीच्या ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदर्शनात ते नेलं आणि ब्रिटिश म्युझियमचा जीव त्याच्यात अडकला. राजा म्हणाला, द्या त्याच्या बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन. सौदा झाला. आणि राजाने ओलोवेकडून नवीन दार करून घेतलं! म्हणजे गावात विचारलं असतं तर शेंबडं पोर सांगू शकलं असतं दार कोणी केलं. विचारणारा दाराकडे बघत होता.

युरोपात उलट मानसिकता होती. कार्ल आइनस्टाइन (आपले अल्बर्ट नव्हेत) याचं १९१५ चं आफ्रिकन शिल्पांवरचं पुस्तक फार महत्त्वाचं, पहिल्यांदा कोणीतरी 'कला' म्हणून लिहिलं. पण त्यातल्या फोटोंखाली कुठलं, कधीचं, कोणाचं, काही नाही. नुसते फोटो. माणूस नसला की आकारावर हवं ते बोलता येतं.

तिरकस
ओके. ओलोवेवर हरलो. दाराच्या बदल्यात सिंहासन, नि वर दुसरं दार, राजा पक्का होता. पण बहुसंख्य वस्तूंची नावं आता मिळणार नाहीत हेही खरंच की नाही?

धूळपाटी
खरं आहे. तरी कधीकधी हातावरून सापडतात. १९३० च्या दशकात ओल्ब्रेख्ट्स नावाच्या बेल्जियन अभ्यासकाच्या लक्षात आलं की काँगोच्या लुबा लोकांची काही स्टुलं आणि आकृत्या वेगवेगळ्या संग्रहांत आहेत पण चेहरा एकाच हाताचा आहे: लांबट, गाल बसलेले, दमलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा. वस्तू मिळाल्या त्या गावावरून त्याला 'बुलीचा उस्ताद' म्हणायला लागले. एक स्टूल न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे. तिथलं आफ्रिकेचं दालन डागडुजीसाठी बंद होतं, २०२५ मध्ये परत उघडलंय.

हिशोबनीस
नाव नाही पण भाव आहे. फ्रान्समध्ये एका म्हाताऱ्या जोडप्याने माळा साफ करताना सापडलेला फांग मुखवटा जुन्या सामानवाल्याला १५० युरोला विकला. आजोबा आफ्रिकेत फ्रेंच वसाहतीचे गव्हर्नर होते, त्यांनी आणलेला. २०२२ मध्ये लिलावात तो ४२ लाख युरोला गेला. जोडपं कोर्टात गेलं, २०२३ मध्ये हरलं. गॅबॉनचं सरकार म्हणालं अहो आमचा आहे तो, तेही हरलं. यात ज्याने लाकूड तासलं तो कोणाच्याच यादीत नाही.

भुईमूग
माळा साफ करायला निघालो.

जर्सी_जोशी
धूळपाटी, तुमचा प्रतिसाद वाचून काल मुलाला घेऊन मेटला गेलो, एरवी तो इजिप्तच्या पलीकडे सरकत नाही. ते स्टूल सापडलं. फोटोत कळत नाही, प्रत्यक्षात बाईने डोक्यावर बैठक घेतलीये आणि वर हात करून नुसत्या बोटांनी सावरलीये, बोटं तर बोटं, पंजे केवढे, आणि चेहऱ्यावर असा भाव की उचललंय खरं पण कोणी विचारलं नाही मला. पाटीवर 'बुली मास्टर' आहे आणि पुढे चक्क नाव आहे, बहुधा न्गोन्गो या चिंटू. अर्थ शोधला तर 'मोठा बिबट्या, कोरलेल्या वस्तूंचा बाप'.

मुलगा 'चिंटू' वाचून हसत सुटला, कारण त्याच्या आजीकडे त्यालाच चिंटू म्हणतात. गार्डने बघितलं. मग घरी येईपर्यंत मी मोठा बिबट्या, मी मोठा बिबट्या.

लागोसकर_लेले
तुमच्या बिबट्याला आमच्या फ्रिजवरच्या बिबट्याचा नमस्कार. ते व्हिजिटिंग कार्ड शोधतोय, ड्रॉवरमध्येच कुठेतरी असणार. मिळालं की म्हाताऱ्याला फोन लावतो आणि आजोबा-पणजोबांची नावं परत विचारतो.

शेवंती
लेलेकाका, यावेळी लिहून घ्या हं.